नववा कप

हिरवळीवर तीन कोच मांडले होते. गार्डन फर्निचरचेच, पण त्यांवर पांढऱ्या चादरी टाकून त्यांना रोमन केलं होतं. एकेका कोचावर तिघांनी डाव्या कोपरावर रेलून आडवं व्हायचं. म्हणजे एकूण नऊ जण. प्रत्येकाच्या पुढ्यात तांबड्या मातीचा एक कप.

माझ्या पुढ्यात नव्हता. तिथे चिनी मातीचा पांढरा मग होता. त्यावर रोमन शिपायाचं कार्टून. लाल तुऱ्याचं हेल्मेट, बटबटीत डोळे, झग्याखाली दोन काडीसारखे पाय.

मला आधी वाटलं, कप कमी पडला असेल. पण कप मीच आणले होते, नऊ. मी इकडेतिकडे पाहिलं. नववा कप मधल्या टेबलावर होता. त्यात पाणी घालून कुणीतरी लॅव्हेंडरच्या काड्या खोचल्या होत्या.

"वैशाली, माझा कप?"

"अगं, तुझा मग ठेवलाय ना," वैशाली म्हणाली. "तुला तोच आवडतो ना." ती हसत होती. माझ्याकडे बघत नव्हती.

तिचा नवरा अविनाश मानाच्या कोचावर पसरला होता. अंगावर चादरीचा टोगा, पायात क्रिकेटचे मोजे. हॉस्पिटलात तो मोठा डॉक्टर आहे, आणि चादरीतही ते लपत नव्हतं. त्याने आपला तांबडा कप उंच धरला.

"ऑथेंटिक! हिनेच सांगितलंय मला. रोमन होस्ट पाहुण्याची लेव्हल बघून कप द्यायचा. मला भारी, तुला साधा. करेक्ट ना, प्रोफेसर?"

सगळे हसले. मी प्रोफेसर नाही. मीही हसले. ते हसू अजून माझ्या चेहऱ्याला कुठेतरी चिकटून राहिलंय असं मला वाटतं.

*

मी त्या घरी का जात होते ते आधी सांगते.

मी मुंबईत वाढले. आई म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात आया होती. मी शिकत गेले, स्कॉलरशिप मिळाली, इंग्लंडला आले. रोमन लोकांच्या रोजच्या जगण्यावर पीएचडी केली. ते काय खायचे, कुठे झोपायचे, कुणाच्या शेजारी कोण बसायचं. लोक विचारतात, रोमनच का? मी काहीतरी गंभीर उत्तर देते. खरं उत्तर असं आहे की मला मेलेले मालक हवे होते. ज्यांच्या पंगतीतून मला कुणी उठवू शकणार नाही, कारण ती पंगत उठूनच शतकं लोटली होती.

पहिल्याच वर्षी कळलं की त्यांच्या पंगतीतही तेच. रोमन माणूस जेवायला बोलवायचा आणि बसण्याची जागा ठरवून द्यायचा. कुठला कोच, कोचावर कुठली जागा, यावरून तुझी किंमत सगळ्यांना दिसायची. काही घरांत यजमान स्वतः पांढरी, मऊ भाकरी खायचा आणि शेवटच्या कोचावरच्या माणसाला बुरसटलेली द्यायचा. त्याची वाइन जुनी, याची आंबट. त्याचा कप चांदीचा, याचा तडा गेलेला. एकाच खोलीत, एकाच वेळी, एकमेकांच्या डोळ्यांसमोर. बोलावण्यामागचा हेतूच तो. न बोलावता अपमान करता येतो, पण बोलावून करण्यात जास्त मजा असते.

हे सगळं मी अगदी शांतपणे वाचलं. दुसऱ्यांचं होतं ना.

आता मी कॉव्हेंट्रीत राहते आणि बसने तासाभरावरच्या एका छोट्या म्युझियममध्ये नोकरी करते. शाळेची मुलं येतात. मी त्यांना तीन कोचांवर आडवं करते आणि तीन प्रकारचा ब्रेड वाटते. पहिल्या कोचाला ताजा पांढरा, दुसऱ्याला ब्राउन, तिसऱ्याला आदल्या दिवशीचा कडक. आणि विचारते, कसं वाटतंय? पहिला कोच म्हणतो, मस्त. तिसरा कोच ओरडतो, नॉट फेअर. एकदा तिसऱ्या कोचावरची एक मुलगी तो तुकडा हातात फिरवत म्हणाली, "मिस, त्यापेक्षा मला बोलावूच नका."

"व्हेरी गुड," मी म्हणाले आणि पुढच्या मुलाकडे वळले.

आई होती तोवर मी तिच्याशी रोज फोनवर बोलायची. म्युझियममधून घरी येताना, बसमध्ये. तिला रोमन लोक आवडायचे. "आज काय खाल्लं तुझ्या रोमनांनी?" ती विचारायची. ती गेली आणि माझी मराठी बंद झाली. भाऊ मेसेज करतो, तेही इंग्रजीत. डोक्यात मराठी चालू असायची, पण तोंडाला कामच नव्हतं. एकदा आठवड्याभराने काहीतरी मराठीत मोठ्याने बोलायला गेले तर घसा खरवडून आवाज निघाला. मी दचकले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी इंडियन दुकानात मेथीची जुडी उलटून बघत होते. "शी, किडकी आहे," मी स्वतःशीच म्हणाले. मागून कुणीतरी हसलं.

"अगं, त्या क्रेटमधली घे, ताजी आहे."

ती वैशाली. पुण्याची, माझ्याच वयाची, अकाउंटंट. पाच मिनिटांत तिने मला रविवारी जेवायला बोलावलं. मी मेथी न घेताच घरी आले. वाटेत तो शब्द तोंडात घोळवत होते. अगं. या देशात मला अगं म्हणणारी एक बाई आहे.

त्या रविवारपासून रविवार त्यांचा झाला. त्यांची मुलगी ईशा शाळेत लॅटिन शिकत होती. मी तिची लॅटिन घ्यायची, नंतर जेवण, नंतर चहा. ईशाचा जन्म इथला. ती मला मावशी म्हणायची आणि तिची मराठी अशी, "मावशी, हा व्हर्ब खूप अनॉइंग आहे, मला नको ती." अविनाश दर रविवारी न चुकता विचारायचा, "काय, उंदीर खायचे ना तुझे रोमन?" मी दर रविवारी सांगायची, हो, खायचे, मध लावून. तो दर रविवारी तितकाच हसायचा. वैशाली आमटी वाढताना म्हणायची, "अगं घे ना, लाजतेस काय." मला तेवढ्यासाठी दोन बस बदलायला काहीच वाटायचं नाही.

पहिल्या हिवाळ्यात मला फ्लू झाला. वैशाली डबा घेऊन माझ्या फ्लॅटवर आली. पहिल्यांदाच. माझ्या टेबलावरच्या भिंतीला एक तसबीर आहे. निळा कोट, गोल चष्मा. आईच्या खोलीतली आहे, येताना गुंडाळून आणली होती. वैशाली तिच्यासमोर उभी राहिली. डबा तिच्या हातातच होता.

"अच्छा," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "छान फ्रेम आहे."

मी काही लपवलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. माझं आडनाव गावावरून आहे, त्यातून काही कळत नाही. मी तिला म्हणाले, बस ना. ती म्हणाली, खाली गाडी डबल यलो लाइनवर लावलीये, दंड बसेल.

पुढच्या रविवारी तिचा मेसेज आला की बाहेर चाललोय. त्याच्या पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा तिने मला एक खोका दिला, वर लाल रिबन. आत तो मग.

"बघितला आणि तूच आठवलीस," वैशाली म्हणाली. "आता हा तुझा. या घरातला तुझा स्वतःचा. आणि ऐक, पुढच्या दाराने कशाला येतेस पाहुण्यासारखी? बाजूच्या दाराने येत जा. घरचीच तू."

बाजूचं दार युटिलिटी रूममध्ये उघडतं. तिथे वॉशिंग मशीन, बॉयलर, चिखलाचे बूट. बॉयलरशेजारी भिंतीला एक हूक होता. त्या हुकाला माझा मग.

मी त्या दिवशी बसमध्ये रडले. आनंदाने. हे लिहिताना मला ते वाक्य खोडावंसं वाटतंय, पण राहू दे. आई गेल्यापासून जगात कुठल्याच घरात माझी वस्तू नव्हती. आता एका घरात माझा हूक होता. दर रविवारी मी बाजूच्या दाराने आत जायची, हुकावरून मग काढायची, वैशाली त्यात चहा ओतायची. पिऊन झाल्यावर मी तो युटिलिटीतल्या सिंकमध्ये विसळून परत हुकाला लावायची. "राहू दे गं, मी लावते डिशवॉशर," असं ती सगळ्यांना म्हणायची. मला म्हणायची नाही. मला वाटायचं, घरच्या माणसाला कोण म्हणतं?

*

इथे माझ्या आजोबांची गोष्ट सांगायला हवी.

आईच्या गावी, साताऱ्याकडे, एसटी स्टँडला एक हॉटेल होतं. त्याच्या मागच्या भिंतीला एक खिळा होता आणि खिळ्याला आमच्या लोकांचा कप, कान उडालेला, सुतळीने बांधलेला. आजोबा मागच्या बाजूने जायचे. कप स्वतः काढायचे. पोऱ्या वरून चहा ओतायचा. पिऊन झाला की आजोबा कप स्वतः विसळायचे आणि परत खिळ्याला अडकवायचे. आई लहानपणी त्यांच्याबरोबर जायची. तिने मुंबई गाठली ती त्या खिळ्यापासून लांब जायला.

मी इंग्लंडला आले तेव्हा ती फोनवर सांगायची, "कुणाच्या घरी गेलीस तर आपला कप कुठं ठेवत्यात ते बघ."

"आई, इथे लोक डिशवॉशर वापरतात."

"बघ तरी."

मी बघितलं होतं. दर रविवारी बघत होते. स्वतःच्या हाताने काढत होते, स्वतःच्या हाताने लावत होते. शाळेच्या मुलांना कपांमधला फरक शिकवून पगार घेणारी बाई. आणि मला दिसलं काय, तर माया.

*

या उन्हाळ्यात अविनाशच्या आई पुण्याहून आल्या. मी त्यांना काकू म्हणायची. त्या मला तुम्ही म्हणायच्या, आणि माझ्याशी बोलताना माझ्या खांद्यामागच्या भिंतीकडे बघायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "मूळच्या कुठल्या तुम्ही?" मी गाव सांगितलं. "त्या गावात कुठं?" मी तेही सांगितलं. त्यांनी पदर सारखा केला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. निदान त्यांनी रिबन बांधली नाही.

ईशाची परीक्षा संपली होती. तिला पार्टी हवी होती आणि पार्टी रोमन हवी होती. वैशालीने फोन केला. "अगं, तूच कर ना सगळं सेट. तुझ्याशिवाय कोण?" मी केलं. कोच कसे लावायचे ते काढून दिलं. खजुरात बदाम भरून मधात परतले. द्राक्षाच्या रसात पाणी किती घालायचं ते सांगितलं, कारण नुसती वाइन पिणं रोमनांना रानटी वाटायचं. काकूंनी बटाट्याची भाजी करायला घेतली. मी म्हणाले, काकू, रोमन लोकांना बटाटा माहीत नव्हता. त्या म्हणाल्या, "त्यांचं नशीब." आणि मोहरी टाकली. तेवढ्यापुरत्या त्या मला आवडल्या.

कप म्युझियमचे. नक्कलच, पण कुंभाराने हाताने केलेली, मुलांना हाताळायला ठेवलेली. मॅनेजरला विचारून मी नऊ कप घरी आणले. धूळ होती. आदल्या दिवशी संध्याकाळी माझ्या सिंकमध्ये एकेक करून धुतले, पुसले, वर्तमानपत्रात गुंडाळून क्रेटमध्ये भरले. नऊ, कारण रोमन पंगत नऊची. अविनाश, वैशाली, ईशा, काकू. मराठी मंडळाचे अध्यक्ष आणि त्यांची बायको. अविनाशचा हॉस्पिटलातला मित्र आणि त्याची बायको. आणि मी.

कुणी कुठे आडवं व्हायचं तेही मीच ठरवलं होतं. मानाची जागा अध्यक्षांना दिली होती. ती अविनाशने घेतली. अध्यक्ष त्याच्या शेजारी दाटीवाटीने, एक हात कोचाच्या कडेवर टेकून. माणसाला टोगा घातला की तो लगेच भाषणाच्या तयारीत दिसतो, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. काकूंचे गुडघे दुखतात म्हणून त्यांना वेताची खुर्ची. मी तिसऱ्या कोचाच्या टोकाला. ती जागा मी स्वतःच स्वतःला दिली होती. कुणाला तरी घ्यायलाच हवी होती.

आणि समोर तो मग. त्यानंतरचं हसणं मी सांगितलंच आहे.

*

हसणं ओसरलं तेव्हा ईशा उठली. तिच्या केसांत तमालपत्राचा मुकुट होता. तिने स्वतः केलेला.

"वेट, मावशी. मी हे फ्लॉवर्स काढते. तू यात पी." तिने नवव्या कपाकडे हात नेला.

"राहू दे गं," काकू म्हणाल्या. "त्यांचा आहे ना वेगळा."

"पण आज रोमन आहे ना, आजी. सगळ्यांना सेम पाहिजे." आणि माझ्याकडे वळून, अगदी सहज, "नाहीतर तुझा मग नेहमीच सेपरेट असते ना. युटिलिटीमध्ये. डिशवॉशरमध्ये नाय टाकायचा. ममाने सांगितलंय, मावशीचा मग आपल्याबरोबर नाय धुवायचा."

कुठल्या वारी कचऱ्याचा कुठला बिन बाहेर काढायचा ते सांगावं, तसं तिने सांगितलं. तिच्यासाठी तो घरातला एक नियम होता. दुसरं काही नाही.

शेजारच्या बागेत कुणीतरी गवत कापत होतं. अध्यक्षांच्या बायकोने एक खजूर उचलला आणि तो हातातच ठेवला. कुणालाही नवल वाटलं नव्हतं, हे मला त्या खजुरावरून कळलं. नवल वाटलेला माणूस काहीतरी विचारतो.

मला लाज वाटली. त्यांची नाही, माझीच. रिबन, हूक, बाजूचं दार, सिंक. सगळं एकामागून एक जागेवर बसत गेलं आणि शेवटी आजोबा उभे राहिले, एसटी स्टँडच्या मागे, कप हातात घेऊन. मी त्यांच्यापासून किती लांब आले होते. विमानाने.

काकूंवर सगळं ढकलता आलं असतं तर बरं झालं असतं. म्हातारी, जुनी, पुण्याची. पण तो मग मला मिळाला तेव्हा काकू इथे नव्हत्याच.

"बोल ना आता," अविनाश म्हणाला. त्याला काहीतरी झाकायचं होतं. "तुझं ते रोमन डिनरचं सांग ना सगळ्यांना. पाच मिनिट."

मी हसले असते तर पुढचा रविवार माझा होता. आमटी होती, ईशाची क्रियापदं होती, उंदरांचा विनोद होता. अगं होतं. हे सगळं त्या क्षणी मला अगदी स्पष्ट दिसत होतं. एक घोट घ्यायचा, बस. दीड वर्ष घेतलेच होते.

मी उठले. टेबलाकडे गेले. नवव्या कपातलं लॅव्हेंडर काढून हिरवळीवर ठेवलं, पाणी ओतून दिलं. सगळ्यांसाठी मांडलेल्या पाण्याच्या जगमधून कपात पाणी घेतलं आणि प्यायले. पूर्ण. पाण्याला लॅव्हेंडरचा वास होता, साबणासारखा.

"अहो, ते सगळ्यांचं—" काकू म्हणाल्या आणि थांबल्या.

"रोमन डिनरचं सांगते," मी म्हणाले. "पाच मिनिटं लागणार नाहीत. त्यांच्यात यजमान जेवायला बोलवायचा आणि हलका कप द्यायचा. पण तो समोरासमोर द्यायचा. भेट म्हणून द्यायचा नाही. घरचीच तू, असं म्हणायचा नाही. तुमच्या हातातले कप काल मी धुतलेत. माझ्या घरी, माझ्या सिंकमध्ये, माझ्या घासणीने. माझ्या टॉवेलने पुसलेत. मघापासून तुम्ही सगळे त्यांतूनच पिताय. काही झालेलं दिसत नाही कुणाला."

अविनाशच्या मित्राने कपात डोकावून पाहिलं. काय दिसणार होतं त्याला? अध्यक्षांनी आपला कप हळूच खाली ठेवला, नको तेवढा लांब. काकूंनी रुमालाने ओठ पुसले. एकदा. परत एकदा.

"अगं, इतकं काय त्यात," वैशाली उठत म्हणाली. "एक मग तर आहे. चल, आत ये, आपण बोलू. आज नको ना, प्लीज. ईशाची पार्टी आहे."

मी क्रेट आणला आणि पहिल्या कोचापासून सुरुवात केली. अविनाशसमोर हात पुढे केला. "म्युझियमचे आहेत. न्यायचेत."

"धिस इज रिडिक्युलस," तो म्हणाला. पण दिला. एकेकाने दिला. मी एकेक कप कागदात गुंडाळत गेले. घाई केली नाही. कप फुटला असता तर मला उत्तर द्यावं लागलं असतं. चादरी गुंडाळलेली मोठी माणसं माझी वाट बघत आडवी होती. उठून बसावं की नाही, हे त्यांना कळत नव्हतं. टोग्याची हीच पंचाईत. त्यात रुबाब करता येतो, चटकन उठता येत नाही.

ईशाने कपातलं उरलेलं पिऊन टाकलं आणि कप मला दिला. मुकुट तिच्या एका कानावर घसरला होता.

"मावशी, मी काही राँग बोलली?"

"नाही. तू एकटीच खरं बोललीस."

शेवटी मी तो हेल्मेटवाला मगही घेतला. भेट दिलेली वस्तू होती. माझी होती.

युटिलिटीच्या दाराशी वैशाली मागून आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं होतं, मी ते नाकारत नाही. "आईंमुळे गं," ती म्हणाली. "जुन्या वळणाच्या आहेत त्या. आमच्या मनात तसलं काही नाही, तुला माहितीये."

"तू मला हा दिलास तेव्हा त्या पुण्याला होत्या," मी म्हणाले.

मी वळले, घराला वळसा घातला आणि पुढच्या फाटकाने बाहेर पडले. बसमध्ये क्रेट मांडीवर होता. प्रत्येक खड्ड्याला आतले कप कागदात कुरकुरत होते. फोन करायला कुणी नव्हतं. मी आईचा नंबर काढला, बघितला, बंद केला.

*

मंडळाच्या ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही. गणपतीचं आमंत्रण आलं नाही. दुकानात अध्यक्षांची बायको दिसली, तिला अचानक तांदळाच्या पोत्यांवर बरंच काही वाचायचं होतं. रविवार मोठे झाले. मी खिडकीत उभी राहून मोठ्याने बोलून बघायची. आज मेथी केली. आज पाऊस आहे. आवाज घरात फिरून परत माझ्याकडेच यायचा.

सप्टेंबरमध्ये वैशालीचा मेसेज आला. "आई परत गेल्या. रविवारी ये ना. ईशा सारखी विचारते. सगळ्यांसाठी सेम नवीन कप आणलेत. झालं ते झालं गं."

तो गं मी बराच वेळ बघत बसले. मला तो हवा होता. हवाच होता, खोटं कशाला सांगू. पण तिच्या मेसेजात नवे कप होते, सासू परत गेल्याचं होतं. तिने स्वतः काय केलं होतं, त्याचा एकही शब्द नव्हता. कप बदलले होते. हूक तिथेच होता.

मी लिहिलं, "ईशाला लॅटिन शिकायची असेल तर तिला म्युझियममध्ये पाठव. मी शिकवीन. तुझ्या घरी मी येणार नाही."

ईशा अजून आलेली नाही. येईल की नाही, माहीत नाही.

शाळांच्या सहली सुरू झाल्या आहेत. मी तीन कोच लावते, तीन प्रकारचा ब्रेड वाटते. तिसऱ्या कोचापुढे आता तो मग ठेवते. मुलं हसतात. "मिस, हा रोमन नाहीये." मी म्हणते, नाही, हा कॉव्हेंट्रीचा आहे. हा मला दिला होता. का दिला होता, कुठे टांगायचे, वेगळा का धुवायचे, ते सांगते. जात म्हणजे काय, तेही सांगते. दहा वर्षांच्या मुलाला ते समजतं. मोठ्यांनाच जड जातं. परवा एक शिक्षिका मला बाजूला घेऊन म्हणाली, मुलांसाठी हे जरा हेवी नाही का? मी म्हणाले, मला दीड वर्ष हेवी वाटलं नाही, तेच तर मी शिकवतेय.

मॅनेजरने विचारलं, हे धड्यात असायलाच हवं का? मी हो म्हणाले. कारण विचारलं, ते दिलं. काढायला सांगितलं तर त्यालाही नाही म्हणेन. ते मी आधीच ठरवून ठेवलंय.

रविवारी मी एकटी जेवते. मला अगं म्हणणारं कुणी नाही, आणि बहुतेक पुढेही नसेल. तशी राहीन. पण ज्या घराच्या कपाटात माझा कप सगळ्यांच्या कपांत नाही, त्या घरी मी पाणी पिणार नाही. आधी कपाट उघडायला सांगेन. उघडलं नाही तर निघेन. आणि का निघाले, ते दारातच उभी राहून सांगेन. हळू नाही, हसत नाही, इंग्रजीतही नाही. मराठीत.